मॉरिशसला जायचं तर गणपतीत जा: एका एसटीवाल्याचं वेळापत्रक

गणपतीत अख्खं कोकण मुंबईहून गावाकडे धावतं. गेल्या वर्षी आम्ही दोघं उलटे निघालो: चिपळूणहून मुंबईला आणि तिथून विमानाने मॉरिशसला. घरचा गणपती थोरल्या भावाकडे असतो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, देव घरात येतोय आणि तुम्ही बाहेर चाललात?" मी म्हटलं, "वहिनी, देव तिथेही येतो." त्यांचा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर माझाही पुरता बसला नव्हता.

मी ३२ वर्षं एसटीत काढली. आधी कंडक्टर, मग वाहतूक नियंत्रक. त्यामुळे सहल म्हटली की मला फोटो दिसत नाहीत, वेळापत्रक दिसतं. पॅकेजवाल्यांच्या कागदावर सात दिवसांत सतरा ठिकाणं होती, त्यातली चार खरेदीची. कागद बाजूला ठेवला आणि स्वतः मांडणी केली. ती बरीचशी जमली, दोन ठिकाणी फसली. दोन्ही सांगतो.

कधी जायचं

तिथले ऋतू आपल्या उलट. मे ते ऑक्टोबर हिवाळा, म्हणजे थंड आणि कोरडा. नोव्हेंबरपासून उन्हाळा, आणि जानेवारी ते मार्च वादळांची भीती. ऑगस्ट-सप्टेंबरला तिथे हवा छान असते आणि दक्षिणेकडून आलेले कुबडवाले (हंपबॅक) देवमासेही पश्चिम किनाऱ्याजवळ असतात. या काळात पूर्व किनाऱ्यावर मात्र वारा झोडपतो, तेव्हा समुद्रस्नानाचा विचार पश्चिमेला करा. बेटाच्या मधल्या पठारावर, क्युरपीप-वाक्वा भागात, पाऊस आणि गारठा. स्वेटर न्याच. आमच्या हिने नेला नव्हता. "परदेशात समुद्र म्हणजे गरम" असा तिचा हिशेब. पहिल्याच आठवड्यात बाजारातून घ्यावा लागला.

आता महत्त्वाची गोष्ट. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, पण भिंतीवरचं आपलं कॅलेंडर बघून तिकीट काढू नका. २०२५ साली आपल्याकडे चतुर्थी २७ ऑगस्टला होती, तिथली सुट्टी २८ ऑगस्टला. बहुतेक मूर्ती दीड दिवसाच्या असतात आणि सुट्टी पडते ती विसर्जनाला. मॉरिशस सरकारची सुट्ट्यांची यादी आधीच जाहीर होते, ती बघा आणि त्या तारखेच्या चार-पाच दिवस आधी पोचा.

भारतीय पासपोर्टला पर्यटक म्हणून तिथे उतरल्यावर प्रवेश मिळतो, फी नाही. परतीचं तिकीट, राहण्याचं आरक्षण आणि पुरेसे पैसे दाखवता आले पाहिजेत. निघण्यापूर्वी ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. आमचा सुनेने भरला. घड्याळ दीड तास मागे करायचं. त्यांचा एक रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या घरात. रोपं, बिया, ताजी फळं नेऊ नका. बेटावर बाहेरची वनस्पती घुसू नये म्हणून ते फार कडक आहेत, आणि का ते पुढे कळेलच.

मुक्काम दोनच

अख्खं बेट रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाएवढं, साधारण २,०४० चौरस किलोमीटर. त्यामुळे लोक एका रिसॉर्टमध्ये राहून रोज टॅक्सीने बेट पालथं घालतात. माझं म्हणणं, दोन मुक्काम करा. पहिले चार दिवस आग्नेयेला माएबूर, मग पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक. माएबूर विमानतळाजवळ आहे, जुनं, थोडं झोपाळू गाव. समुद्राकाठी बसस्टँड, सोमवारी मोठा बाजार. फ्लिक आं फ्लाकला मोठा वाळूचा किनारा आणि पोर्ट लुईसला थेट बस.

बसने फिरा. गाड्या बऱ्या आहेत, गाडीत कंडक्टर येऊन तिकीट देतो, आणि ते तिकीट उतरेपर्यंत जपायचं, कारण तपासनीस चढतो. तपासनीस चढल्यावर माझा हात सवयीने खिशाकडे गेला, तेव्हा ही हसली. तिथल्या विद्यार्थ्यांना आणि म्हाताऱ्यांना बसप्रवास फुकट आहे. आपल्याला नाही, विचारून बघू नका, मी विचारलं. क्युरपीप ते पोर्ट लुईस मेट्रोही आहे, वाक्वा, कात्र बोर्नवरून जाते.

पण एक चूक करू नका. खेड्यांकडच्या शेवटच्या गाड्या संध्याकाळी लवकर सुटतात. पहिल्या आठवड्यात आम्ही एका किनाऱ्यावर सूर्यास्त बघत बसलो आणि शेवटची गाडी गेली. आयुष्यभर लोकांना "शेवटची गाडी साडेसातला, नंतर जबाबदारी तुमची" असं सांगणारा माणूस रस्त्यावर उभा. टॅक्सीवाल्याने मागितले तेवढे दिले. तेव्हापासून कुठेही उतरलो की पहिला प्रश्न: परतीची शेवटची कधी? बोली क्रिओल, पण इंग्रजी-फ्रेंच चालतं आणि हिंदीही बऱ्याच जणांना कळतं. "बोंझूर" म्हणून सुरुवात केली की माणसं मदत करतात. न म्हणता थेट विचारलं तर थोडी तुटक वागतात.

गंगा तलाव आणि शामारेल या भागांसाठी मात्र एक दिवस ड्रायव्हरसकट गाडी घ्या. पैसे आधी ठरवा आणि "खरेदीला थांबायचं नाही" हे बसण्यापूर्वी सांगा.

गुलाबी कबुतर

मॉरिशस म्हणजे डोडो, आणि डोडो तर १६०० सालानंतरच्या काही दशकांतच संपला. माणसाबरोबर आलेल्या उंदीर, डुकरं, माकडांनी त्याची अंडी आणि पिल्लं खाल्ली, जंगल तोडलं गेलं. म्हणून मला वाटत होतं की तिथे बघायला काय उरलं असणार. माएबूरजवळच्या पॉइंट जेरोमहून छोट्या होडीने ईल ओ एग्रेत या बेटावर जा. होडी किनाऱ्यापासून निघते ती दहा मिनिटांतच टेकते. बेट जेमतेम २६ हेक्टरचं, आमच्याकडच्या एका मोठ्या वाडीएवढं. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ते सांभाळते. आरक्षण आधी करावं लागतं, वाटाड्या असल्याशिवाय फिरता येत नाही. बंद बूट, डासांचं मलम आणि पाणी एवढं पुरे.

तिथे मूळचं किनारी जंगल पुन्हा उभं केलंय. एबनी म्हणजे काळ्या लाकडाची झाडं, सगळी हळू वाढणारी. बाहेरची झुडपं हाताने उपटून काढलेली. चालता चालता वाटाड्या थांबला आणि बोट वर केलं. फांदीवर फिकट गुलाबी कबुतर. अंग गुलाबी, पंख तपकिरी, शेपूट तांबूस. आमच्या कौलांवरच्या पारव्यांपेक्षा मोठं आणि निवांत. १९९०च्या सुमारास ही कबुतरं रानात दहाच्या आसपास उरली होती. आज काही शे आहेत.

मॉरिशसच्या छोट्या ससाण्याची गोष्ट त्याहून अवघड. १९७४ साली रानात चारच पक्षी माहीत होते. कार्ल जोन्स नावाच्या वेल्श शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती लावली. घरट्यातली पहिली अंडी काढून घ्यायची, म्हणजे मादी पुन्हा घालते. काढलेली अंडी उबवायची, पिल्लं वाढवून रानात सोडायची. आमच्या शेजारणीने कोंबडीची अंडी वाढवायला हेच केलेलं मी पाहिलंय. हा ससाणा बघायचा तर माएबूरच्या उत्तरेला फेर्नेच्या दरीत जा. झाडांवरून पाली पकडताना दिसतो.

ईल ओ एग्रेत बेटावर मोठी अल्दाब्रा कासवंही मोकळी फिरतात. मॉरिशसची स्वतःची मोठी कासवं संपली, पण काही झाडांच्या बिया कासवाच्या पोटातून गेल्यावर रुजायच्या. मग त्या कामावर सेशेल्सकडची कासवं आणून नेमली. एसटीत याला बदली कामगार म्हणतात. कासवाला हात लावू नका, खायला घालू नका. वाटाड्या परवानगी देईल तेवढंच.

याच किनाऱ्यावर २०२० साली वाकाशिओ जहाज प्रवाळावर आदळलं आणि त्यातलं तेल समुद्रात सांडलं. माएबूरच्या लोकांनी उसाची पाती कापडाच्या पिशव्यांत भरून तरंगते बांध केले, बायकांनी केस कापून दिले, कारण केस तेल धरतात. ही माहिती कुठल्या पाटीवर नव्हती, आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजींनी जेवताना सांगितली. त्यांनीही वेणी दिली होती.

प्रवाळ बघायचं तर ब्लू बेला जा, माएबूरपासून जवळच. तळाला काच असलेली होडी घ्या, पोहता येत नसेल तरी दिसतं. पाण्यात उतरलात तर प्रवाळावर उभं राहू नका, ते जिवंत असतं, आणि पायात पाण्याचे बूट घाला, नाहीतर समुद्री साळिंदराचे, म्हणजे काटेरी गोळ्यासारख्या सागरी अर्चिनचे, काटे पायात घुसतील.

संध्याकाळी मान वर करत राहा. मोठी फळखाऊ वटवाघळं आंब्या-लिचीकडे निघतात. ती मॉरिशसखेरीज फारशी कुठे नाहीत, पण बागायतदार त्यांच्यावर चिडलेले आहेत, आणि सरकारने मध्यंतरी हजारोंनी मारलीही. आमच्याकडे वानरांवरून जे भांडण चालतं तेच. मी आंबेवाला आहे, त्यामुळे दोन्ही बाजू पटल्या आणि गप्प बसलो.

डॉल्फिन: इथे माझं चुकलं

पश्चिमेला तामारँ गावच्या खाडीत पहाटे डॉल्फिन येतात. किनाऱ्यावर भेटलेल्या एका होडीवाल्याशी आम्ही ठरवलं. पाण्यात गेलो तर डॉल्फिन चार आणि होड्या पंधरा. एक होडी पुढून अडवतेय, दुसरी मागून, पर्यटक उड्या मारतायत. डॉल्फिन खाली गेले ते गेले. ही म्हणाली, "अहो, हे बघायला नाही, छळायला आलोय आपण." तिचं खरं होतं.

म्हणून ठरवण्यापूर्वी सरळ विचारा: किती अंतरावर थांबता? मागे लागता का? इंजिन बंद करता का? ज्याला या प्रश्नांची चीड येते त्याच्याकडे जाऊ नका. देवमाशांसाठी मोठी, लांबून दाखवणारी होडी घ्या. दोन दिवसांनी आम्ही तसंच केलं. कुबड देवमाशाची शेपटी एकदाच दिसली, दूर. त्या एका क्षणाला होडीतले सगळे एकदम गप्प झाले, मग एक लहान पोर रडायला लागलं.

पोर्ट लुईस, एक सकाळ

आप्रवासी घाट, म्हणजे करारावर आणलेले मजूर जिथे उतरायचे ती जागा, बघितल्याशिवाय परत येऊ नका. बंदरालगत, बसस्टँडपासून चालत. तिकीट नाही, पण रविवारी बंद असतो. १८३४ साली अॅटलास जहाजातून पहिले मजूर आले, २ नोव्हेंबरला. तो दिवस तिथे सुट्टीचा आहे. गुलामगिरी संपायला आली होती, उसाला हात हवे होते. पुढे साधारण साडेचार लाख माणसं करारावर आली: बिहारी, तमीळ, तेलुगू आणि मुंबई बंदरातून मराठी, त्यांत रत्नागिरीकडची बरीच. जागतिक वारसा यादीत हा घाट २००६ साली गेला.

बघायला फार काही नाही: दगडी भिंती, स्वयंपाकघराचे अवशेष आणि समुद्राकडून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या. आधी शेजारचं माहितीकेंद्र बघा आणि मग पायऱ्यांकडे जा, उलट केलंत तर नुसते दगड दिसतील. प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळायचा. त्यांच्या नोंदी, पुढच्या काळातले फोटोसुद्धा, मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटने जपल्या आहेत आणि तिथली माणसं आजही त्यातून आपला आजा-पणजा शोधतात. मी बिल्ला क्रमांकावर ३२ वर्षं काढली, तरी तिथे उभा राहिल्यावर बिल्ल्याचा अर्थ वेगळाच लागला.

बाहेर आल्यावर भूक लागतेच. बाजाराजवळ ढोल पुरी खा. मऊ पातळ पोळीत वाटलेली चणाडाळ, म्हणजे पुरणपोळीतला गूळ काढून घेतल्यासारखी. वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी आणि मिरचीची चटणी. जोडीनेच मिळते, एक मागितलीत तरी दोन देतात. गातो पिमां म्हणजे आपला डाळवडाच. आलूदा म्हणजे फालुदा.

डोंगर, रंगीत माती वगैरे

नैऋत्येचा ल मॉर्न डोंगर ५५६ मीटरचा. पळून गेलेले गुलाम याच्या कडेकपारींत लपत, म्हणून २००८ पासून तोही वारसा यादीत. पहाटे निघा, ऊन चढण्याआधी उतरा. अर्ध्यापर्यंत रस्ता सोपा, पुढे हातापायांनी खडक चढावा लागतो. माझ्या गुडघ्यांनी अर्ध्यावर राजीनामा दिला, पण तिथूनही निळ्या पाण्यातली प्रवाळाची कड पूर्ण दिसते.

शामारेलची सातरंगी माती बघायला वीस मिनिटं पुरतात. लाव्हाचा खडक झिजून मागे लोखंड आणि अॅल्युमिनियमची संयुगं उरली, आमच्या जांभ्याचाच हा भाऊबंद. कोकणातल्या माणसाला त्याचं फार अप्रूप नाही. तिथल्या धबधब्यावर मात्र थांबा. लांब शेपटीचे पांढरे पक्षी कड्यासमोर घिरट्या घालतात. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या दृश्यस्थळांवरूनही ते दिसतात. गंगा तलावावर ३३ मीटर उंच महादेव आहे, माकडंही आहेत. प्रसादाची पिशवी हातात धरू नका. सिंहाबरोबर चालण्याच्या बागा आणि क्वाड बाइक आम्ही टाळल्या. सिंह बघायला गीर आहे.

विसर्जनाचा दिवस

हेन्रिएटा गावात १८९६ साली पहिला गणपती बसला असं तिथे सांगतात. पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर भागात, कास्काव्हेलला आणि वाक्वाच्या बाजूला मराठी घरं आहेत. आधी दोन दिवस चौकशी करून ठेवा. गावात विचारलं की सभागृहाचा किंवा देवळाचा पत्ता मिळतो. सुट्टीच्या दिवशी बसगाड्या कमी असतात, तेव्हा जाण्याची सोय आदल्या दिवशीच करा. साधे, पूर्ण कपडे घाला. मांसमच्छी खाऊन जाऊ नका. त्या दिवसांत ती माणसं पाळतात. फोटोआधी विचारा. रिकाम्या हाताने जाऊ नका. आम्ही कोरडे खोबरं-गुळाचे लाडू केले होते, विमानतळावर जाहीर करून आत नेले.

आम्ही एका गावात दुपारी पोचलो. मातीची मूर्ती, पुढे केळीचे खांब. पोरं क्रिओलमध्ये बोलत होती आणि आरतीला मात्र सगळी मराठी, एकेक शब्द पाठ. मग ढोलकी वाजली आणि त्यांनी फेर धरला. ते त्याला झाकरी म्हणतात. आमची जाखडी! एका पायात चाळ, गोल फिरत, वाकून, उसळून. पाऊल जरा वेगळं पडतं, ठेका तोच. ही माझ्याकडे बघायला लागली, कारण तरुणपणी मी बाल्या नाचात, म्हणजे याच जाखडीत, होतो हे तिला माहीत होतं. एकाने हात धरून आत ओढलं. दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्याला गुडघ्याने पुन्हा राजीनामा दिला.

मूर्ती नदीवर गेली. परतताना एक म्हातारे गृहस्थ माझ्याशेजारी चालत होते. त्यांच्या हिंदीत भोजपुरी आणि क्रिओल मिसळलेलं, मधूनच एखादा मराठी शब्द. त्यांचा पणजा रत्नागिरीकडचा. गावाचं नाव घरात कुणाला आठवत नाही, "रत्नागिरी" एवढाच शब्द उरला. पणजा किती दिवस बोटीत होता कुणास ठाऊक, म्हणाले, आता किती लागतं? मी म्हटलं, मुंबईहून विमानाला सहा तास.

"आणि रत्नागिरीहून मुंबई?"

मी जरा विचार केला आणि म्हटलं, "गणपतीत विचारू नका."